बंड्याचं वय दातांवरून काढू नका

डॉक्टर, नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी बंड्या आला. लॅब्रेडॉर आणि गावठी असा मिश्र. यजमानांच्या एका सहकाऱ्यांची बंगळुरूला बदली झाली, तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नव्हता, म्हणून त्यांनी तो आम्हाला दिला. वय चार वर्षं सांगितलं. लसीचं कार्ड मात्र सामानात कुठेतरी गेलं म्हणाले.

परवा मुलगा त्याच्याशी खेळत असताना त्याचा ओठ वर झाला आणि आम्ही पहिल्यांदाच दात नीट पाहिले. पुढचे बारीक दात जवळजवळ हिरडीला टेकलेत, प्रत्येकाच्या मधोमध तपकिरी ठिपका आहे. सुळे मागच्या बाजूने खरवडल्यासारखे दिसतात. शेजारचे काका म्हणाले, "हा दहा-बारा वर्षांचा म्हातारा आहे, फसवलं तुम्हाला." मेडिकलवाल्याने कॅल्शियमचं सिरप दिलंय. दीर म्हणतात रोज मटणाची नळी द्या, दात मजबूत होतील. सासूबाई म्हणतात हाडं बंद करा.

बंड्या जेवतो व्यवस्थित. दिवसभर अंगणात असतो, गेटसमोरून गाडी गेली की ग्रिल चावतो. मुलांचा टेनिस बॉल हाती लागला की सोडत नाही. शेपटीच्या वर, पाठीवर, पुढच्या दातांनी मक्याचं कणीस खाल्ल्यासारखं कुरतडत बसतो. तिथले केस विरळ झालेत. शेजारी शेळ्यांचा गोठा आहे. फोटो पाठवते आहे. त्याचे दात दुखत असतील का? आणि त्याचं खरं वय किती असेल?

— एक वाचक, कराड


ताई, आधी काकांचं बघू. दातांवरून कुत्र्याचं वय काढतात हे खरं आहे, पण ते पिल्लांपुरतं. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, साधारण चौथ्या महिन्यात ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत कायमचे 42 दात येऊन बसतात. तोवर तोंड उघडून सांगितलेलं वय फारसं चुकत नाही. त्यानंतर अंदाज सुरू होतो. नव्या पटाशीच्या दाताला तीन टोकं असतात, मधलं मोठं आणि कडेची दोन लहान. खालच्या जबड्यातल्या अगदी मधल्या जोडीची ही टोकं दीड-दोन वर्षांत झिजतात, मग तिच्या शेजारच्या जोडीची, असा एक तक्ता जुन्या पुस्तकांत छापलेला असतो. तो तक्ता कुत्रा तोंडाने फक्त जेवतो असं धरून चालतो. दगड उचलणारा, साखळी चावणारा, स्वतःचं अंग कुरतडणारा कुत्रा त्या तक्त्यात बसतच नाही. तिसऱ्या वर्षी पटाशीचे दात अर्धे झिजलेले कुत्रे असतात आणि आठव्या वर्षी सगळी टोकं शाबूत असलेले, सोफ्यावर वाढलेले पॉमेरेनियनही असतात. झिजलेल्या दातावरून त्या तोंडाने काय काय उद्योग केले ते कळतं. वय कळत नाही.

बंड्या चार वर्षांचा असू शकतो का? खुशाल असू शकतो. नक्की चारच का, हे मी फोटोवरून सांगणार नाही. साताठ वर्षांनंतर बहुतेक कुत्र्यांच्या डोळ्यांतल्या भिंगाला निळसर करडी झाक येते (तो मोतीबिंदू नव्हे, त्याने फारसं बिघडत नाही). तुमच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारून पाहिलं की ती आहे की नाही ते समजेल. दाताचा एक्स-रे याहून बरा पुरावा देतो, त्याकडे पुढे येतेच.

आता झिजेचं कारण. यात एक गोष्ट लक्षात ठेवा: "दात झिजलेत" एवढ्याने काहीच समजत नाही. कोणता दात झिजलाय आणि कोणत्या बाजूने, हे बघायचं. कुत्र्याच्या दातावरचं एनॅमल आपल्यापेक्षा बरंच पातळ. आपल्या दाढांच्या टोकांवर ते दोन-अडीच मिलिमीटर असतं, त्याच्या दातांवर बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरही नसतं. ते एकदा गेलं की आतलं डेंटिन उघडं पडतं, आणि डेंटिन मऊ असल्यामुळे पुढची झीज वेगाने होते. एनॅमल पुन्हा येत नाही. दात हिरडीतून बाहेर येण्याआधीच ते तयार करणाऱ्या पेशींचं काम संपलेलं असतं. त्यामुळे ते सिरप बंड्याच्या दातांपर्यंत पोहोचणारच नाही. तो पिल्लू असता, त्यातून मोठ्या चणीचा असता, तर वरून दिलेल्या कॅल्शियमने हाडांची वाढ उलट बिघडली असती. मोठा झालेला, नीट खाणारा कुत्रा आहे, बहुधा काही होणार नाही. पैसे गेले एवढंच. कॅल्शियम खरोखर फार कमी पडलं तर जबड्याचं हाड पोखरतं आणि दात हलायला लागतात. ते झिजत नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये मला सगळ्यात उपयोगी पडला तो गालाच्या बाजूने काढलेला, ज्यात तुमच्या मुलाचा अंगठाही आलाय. त्यात मागच्या दाढा आणि उपदाढा दिसतात. पांढऱ्या, टोकं जाग्यावर. एका फोटोने निम्मे तर्क बाद होतात. लहानपणी डिस्टेंपर (पिल्लांना होणारा विषाणूचा गंभीर आजार) झाला असता तर एनॅमल तयार होतानाच बिघडलं असतं. अशा कुत्र्यांच्या एकाच वेळी घडलेल्या पुष्कळ दातांवर तपकिरी, खडबडीत पट्टे आणि खळगे दिसतात, एनॅमलचे कपचे उडालेले असतात. रस्त्यावरून उचललेल्या, लस न मिळालेल्या पिल्लांमध्ये आपल्याकडे हे बऱ्यापैकी बघायला मिळतं आणि लोक त्याला "झीज" किंवा "कीड" म्हणतात. बंड्याचं तसं नाही. कीड म्हणाल तर कुत्र्यांमध्ये ती मुळातच कमी. त्यांची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी आणि दात बरेचसे निमुळते, त्यामुळे अन्न साचून दात किडायला जागा थोडी. वयाने सरसकट झीज झाली असती तर मागचे दातही थोडेफार बोथट दिसले असते.

चावा वाकडा असला तरी दातावर दात घासतो. बॉक्सर, पग यांचा खालचा जबडा पुढे असतो, तिथे खालचे सुळे वरच्या कडेच्या पटाशीच्या दातांवर आपटून दोन्ही झिजतात. काही कुत्र्यांच्या वरच्या-खालच्या पटाशीच्या कडा एकमेकींवर टेकतात, तिथेही तेच. बंड्याचं तोंड मिटलेलं असताना ओठ उचलून एक फोटो काढा. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या किंचित पुढे येत असतील तर चावा ठीक आहे. पटाशी आता इतकी आखूड झाली आहे की नक्की सांगणं जड जाईल, पण सुळ्यांची जागा बघून अंदाज येतो: खालचा सुळा वरच्या कडेच्या पटाशीच्या आणि वरच्या सुळ्याच्या मधल्या फटीत बसायला हवा.

राहिले तीन संशयित: खाज, ग्रिल आणि बॉल. तिघांचीही नावं तुम्हीच पत्रात लिहिली आहेत, फक्त दातांशी त्यांचा संबंध लावला नव्हता.

पुढचे बारा पटाशीचे दात खाजेने खाल्ले आहेत, असं माझं मत आहे आणि ते बऱ्यापैकी ठाम आहे. कुत्रा पायाने खाजवतो ते आपल्याला दिसतं, ऐकू येतं. दातांनी कुरतडतो ते "साफसफाई करतोय" म्हणून सोडून देतो. कणीस खाल्ल्यासारखं म्हणालात ते नेमकं तेच आहे. त्या वेळी पटाशीचे दात एकमेकांवर कचाकच आपटत-घासत असतात आणि मध्ये केस, धूळ, माती येते. दिवसातून तासभर, महिनोन् महिने असं चाललं की दात उरत नाहीत. एक खूण बघा. चांगल्या उजेडात त्याचा खालचा ओठ खाली ओढा आणि पटाशीच्या दातांच्या फटीत पाहा. तिथे केसांचे तुकडे अडकलेले, हिरडीत रुतलेले दिसले आणि हिरडी लाल असली, तर पुराव्याची गरज नाही. ओढून काढायला जाऊ नका, रुतलेले असतील तर दुखतं आणि तो चावेल.

एवढी झीज तुमच्याकडे आल्यापासूनच्या महिन्यांत होणार नाही. म्हणजे खाज जुनी आहे. आधीच्या मालकांना फोन करून बंड्या म्हातारा आहे का हे विचारण्यापेक्षा विचारा की त्याला त्वचेसाठी काही औषध चालू होतं का, दर पावसाळ्यात त्रास व्हायचा का, आणि दिवसा तो कुठे असायचा, पिंजऱ्यात, साखळीला, की मोकळा. त्यांनी तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. त्यांनीही कधी त्याचा ओठ उचलून पाहिला नसणार. आपल्याकडे कुत्र्याचे दात बघायची पद्धतच नाही.

शेपटीच्या वरचा भाग ही पिसवांची आवडती जागा. पंजे, काख, पोट, कान खाजत असते तर मी आधी धूळ, परागकण, अन्न यांच्या ॲलर्जीकडे वळले असते. बंड्याच्या बाबतीत आधी पिसवा. "आम्हाला एकही पिसू दिसली नाही" असं तुम्ही म्हणाल. दिसत नाही, कारण ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोड्या चाव्यांतही भयंकर खाज सुटते आणि कुरतडता कुरतडता तो पिसवा गिळूनही टाकतो. म्हणून हे करा: एक पांढरा कागद जमिनीवर ठेवा, त्याच्यावर बंड्याची कंबर येईल असा त्याला उभा करा आणि बारीक दातांच्या फणीने, आपल्या उवांच्या फणीनेही चालतं, शेपटीच्या वरचे केस उलटे विंचरा. कागदावर काळे बारीक कण पडतील. त्यांवर पाण्याचा थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. कणाभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसतं चिखलासारखं झालं तर माती.

डाग लाल निघाला तर गोठ्याकडे बघा. शेळ्यांच्या अंगावर ज्या पिसवा असतात त्या कुत्र्यालाही धरतात. कुत्र्याला औषध द्यायचं आणि तो रोज गोठ्याच्या कडेला जाऊन झोपणार, मग औषध वाया गेलं म्हणून ओरड. पिसवांच्या तोंडावाटे द्यायच्या चांगल्या गोळ्या आता मिळतात, वजनानुसार आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायच्या. किमान तीन महिने सलग द्या, कारण कोशात बसलेल्या पिसवा आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहतात. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, घरात मांजर असेल तर तिलाही तिचं स्वतःचं औषध हवं. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, काही औषधांनी मांजर मरतं. गोठ्याच्या मालकांशी गोडीत बोला, त्यांच्या शेळ्यांनाही त्याचा त्रास होतच असणार.

दोन गोष्टी करू नका, कारण सातारा-सांगली भागात त्या अजून चालतात. गाडीचं जळकं ऑइल अंगावर चोळणं आणि गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचून घेणं. पहिल्याने कातडी भाजते आणि तो ते चाटून पोटात घेतो. दुसरं चुकीच्या मात्रेत, किंवा ज्या कुत्र्याच्या रक्तात कॉलीसारख्या जातीचा अंश आहे त्याला, मेंदूवर जातं. मिश्र कुत्र्याच्या रक्तात काय आहे ते कुणाला ठाऊक?

सुळ्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे गुन्हेगार ग्रिलच. लोखंडी गज चावणारा कुत्रा गज सुळ्याच्या मागे अडकवतो आणि डोकं मागे खेचतो. त्यामुळे सुळ्याची मागची, म्हणजे घशाकडची बाजू घासली जाते. पुढून बघितलं तर सुळा धडधाकट वाटतो, म्हणून मालकांना पत्ता लागत नाही. तुम्हाला दिसलं हे चांगलं झालं. पिंजऱ्यात फार वेळ ठेवलेल्या, जाळी चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा नमुना इतका ओळखीचा आहे की सुळे पाहूनच आम्ही विचारतो, याला कुठे कोंडता? मागून खाच पडलेला सुळा आतून कमजोर झालेला असतो. एके दिवशी गज धरून हिसका देताना तो मधूनच मोडतो आणि नस उघडी पडते. बंड्याच्या दातांत सगळ्यात तातडीचं काम मला हेच वाटतं.

ग्रिलवर उपाय गेटवरच करायचा. खालच्या अडीच-तीन फुटांना आतून पत्रा किंवा फायबरची शीट मारा, बाहेरचं दिसणार नाही आणि दातात धरायला गजही मिळणार नाही. शाळेच्या बसची, दूधवाल्याची वेळ ठरलेली असते. तेव्हा त्याला घरात घ्या आणि काहीतरी चाटायला द्या. सकाळ-संध्याकाळ खरंखुरं फिरवा. दिवसभर अंगण मोकळं आहे म्हणून कुत्र्याचा व्यायाम होतो, हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज. अंगणात तो फिरत नाही, गेटपाशी पहारा देतो. चावताना मारू नका, त्याने तो जास्तच चेकाळतो. तोंडाला जाळी बांधून दिवसभर ठेवण्याचा विचार तर डोक्यातूनही काढा, उन्हाळ्यात जीभ बाहेर काढून धापता आलं नाही तर उष्माघात होईल.

बॉलला मी तूर्त जामीन देते. टेनिस बॉलच्या लोकरी आवरणात माती आणि वाळूचे कण रुततात, लाळेने ओले होऊन तिथेच बसतात, आणि असा बॉल तोंडात दाबून कुत्रा तासन् तास चघळत बसला की सुळ्यांची टोकं आणि त्यांच्या मागच्या उपदाढा गोल, गुळगुळीत होतात. बंड्याच्या उपदाढांची टोकं आहेत, म्हणजे बॉलने अजून फार नुकसान केलेलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, दुखतं का. दात हळूहळू झिजला तर तो स्वतःचा बंदोबस्त करतो. आतल्या नसेच्या पेशी झिजेच्या बाजूने डेंटिनचा नवा थर टाकत जातात आणि नस मागे सरकते. तो नवा थर रंगाने गडद असतो. तुम्हाला दिसलेले तपकिरी ठिपके बहुतेक तेच आहेत, आणि ते दिसले म्हणून घाबरायचं नाही. झीज या पेशींच्या वेगापेक्षा जास्त झाली, किंवा दात मोडला, तर मात्र नस उघडी पडते. ताजी उघडी पडली तर लाल ठिपका दिसतो, रक्त येतं. जुनी झाली की काळं छिद्र राहतं. तपकिरी आणि चकचकीत, त्यावर आमची टोकदार सळई सरकते, म्हणजे बंद. काळं, आणि सळई आत जाते, म्हणजे उघडं. तुम्ही घरी सुई घालून बघू नका.

तुमच्या समोरून काढलेल्या फोटोत वरच्या ओळीतला डावीकडून तिसरा दात मला खटकतो. बाकीच्यांचा ठिपका तपकिरी आहे, त्याचा काळा आणि खोलगट वाटतो. ते छिद्र असेल तर त्यातून जंतू मुळापर्यंत जातात, नस मरते आणि मुळाशी पू होतो. तिथे "बघू पुढे" चालत नाही.

जेवतो व्यवस्थित म्हणालात, त्यावर विसंबू नका. दात सडून मुळाशी गळू झालेले कुत्रेही ताट चाटून पुसून जेवतात. दुखण्याच्या खुणा बारीक असतात: एकाच बाजूने चावणं, घास खाली पाडून पुन्हा उचलणं, पूर्वी आवडणारं कडक बिस्कीट नाकारणं, तोंड जमिनीवर घासणं, डोक्यावरून हात फिरवताना मान काढून घेणं. आणखी एक, जी सहसा कुणी सांगत नाही: एका बाजूच्या दाढांवर किटण जाड आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर जाड बाजूने तो चावत नाही. का चावत नाही ते शोधायचं. एखादा दात गुलाबी, जांभळट किंवा करडा दिसला तर बाहेरून अख्खा असला तरी आतली नस बहुधा मेलेली असते.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: दुखत असेल म्हणून घरातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडं निकामी करतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नको. आपली टूथपेस्टही नको. ती तो गिळणार, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असलेली असेल तर रक्तातली साखर एकदम खाली येऊन जीव जाऊ शकतो. घासायचं तर कुत्र्यांची पेस्ट वापरा, आणि ती तपासणी झाल्यानंतर.

तपासणी पूर्ण भूल देऊनच होते. जागेपणी नुसतं ओठ उचलून दिसतं तेवढं दिसतं; दाताचा मोठा भाग हिरडीच्या आत असतो. भूल म्हणजे श्वासनलिकेत नळी घातलेली हवी, नाहीतर पाणी आणि घाण फुफ्फुसात जाते. भुलीशिवाय दात साफ करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, तो वरचं किटण खरवडेल आणि आतलं दुखणं झाकेल. भुलीआधी रक्त तपासा, त्यात प्लेटलेट जरूर मोजून घ्या. आपल्याकडे गोचिडांचा ताप फार, त्यात प्लेटलेट घसरतात आणि दात काढताना रक्त थांबत नाही. कुत्रा वरून ठणठणीत असतो, म्हणून हे आधी बघायचं.

मग दातांचा छोटा एक्स-रे. तरुण कुत्र्याच्या दातातली पोकळी रुंद असते, वय वाढतं तशी ती आत डेंटिनने भरून अरुंद होते. दात मेला की हे काम थांबतं आणि ज्या वयात मेला त्या वयाची रुंदी तशीच राहते. म्हणून दोन्ही बाजूंचा तोच दात शेजारी ठेवून पाहतात. एकाची पोकळी दुसऱ्यापेक्षा रुंद दिसली की तो मेलेला. आणि जिवंत दातांची पोकळी पाहून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही ढोबळ उत्तर मिळेल. चार आणि दहा यांतला फरक तिथे लपत नाही.

नस बंद असलेल्या झिजलेल्या दातांना काही करावं लागत नाही. वर्षातून एकदा नजर टाकायची. उघड्या दाताला दोनच रस्ते, रूट कॅनाल किंवा काढून टाकणं. पटाशीचा दात असेल तर सरळ काढा, त्याच्यावाचून कुत्र्याचं काही अडत नाही. सुळ्याचं तसं नाही. त्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षा लांब असतं आणि खालच्या सुळ्याने जबड्याची बरीच जाडी व्यापलेली असते. तो काढताना हात सराईत लागतो, म्हणून शक्य असेल तिथे वाचवलेला बरा. खाच फार खोल नसेल तर धातूची कॅपही बसवतात, पोलीस आणि लष्कराच्या कुत्र्यांना बसवतात तशी. पण गेट तसंच ठेवून कॅप बसवली तर पैसे पाण्यात.

कराडात हे सगळं एका छताखाली मिळेल की नाही, ते फोनवरच विचारून घ्या: दातांचा एक्स-रे आहे का, नळी घालून भूल देता का, रूट कॅनाल करता का. नसेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात, पुण्याच्या रस्त्यावर आहे. तिथे विचारा, ते पुढचा पत्ताही सांगतील. खाजेचा बंदोबस्त मात्र आजपासून सुरू करा, तो दातांच्या अपॉइंटमेंटची वाट बघत नाही.

हाडांच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने. नळीने दात मजबूत होत नाहीत, मोडतात. वरच्या जबड्यातली मोठी चौथी उपदाढ कडक हाडावर आपटून तिचा बाहेरचा कपचा उडतो, महिन्यांनी डोळ्याखाली सूज येते, अँटिबायोटिकने ती उतरते आणि पुन्हा येते. दाताकडे कुणाचं लक्षच जात नाही. शिजवलेल्या हाडाचे तुकडे आतड्यात अडकतात ते निराळंच. दीर म्हणतील, जंगलातले प्राणी हाडंच खातात की! खातात, आणि त्यांचेही दात मोडतात. जंगली मांसभक्षकांच्या कवट्या तपासल्या आहेत, त्यांत मोडलेले दात सर्रास सापडतात. काहीही चघळायला देण्याआधी अंगठ्याचं नख त्यात रोवून बघा. खूण उमटत नसेल तर ते दातापेक्षा कडक समजा आणि देऊ नका. या हिशेबात गुरांचे खूर, हरणाची शिंगं म्हणून विकतात ती, बर्फाचे खडे, सगळंच बाद होतं.

मुलांना सांगा, बंड्याशी बॉल खेळायला हरकत नाही, पण गुळगुळीत रबराचा, घशात जाणार नाही एवढा मोठा घ्या, आणि खेळ संपला की बॉल कपाटात. सीझन बॉल त्याच्यापासून लांब ठेवा, तो दगडाइतकाच वाईट. त्या काळ्या ठिपक्याचा जवळून एक फोटो पाठवा, दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, दात ओल्या फडक्याने पुसून. पण त्याच्या उत्तरासाठी थांबू नका, वेळ आधी घेऊन ठेवा.